डोळ्यांत पाणी येत नाही आणि प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय

बडोद्यातल्याच एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्या मंडळाच्या नाटकात दुसऱ्या अंकात वडील गेलेले असतात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्या खोलीत येते, टेबलावरचा चष्मा उचलते आणि मग दीड पानाचं स्वगत आहे. संहितेत कंसात लिहिलंय, 'ओक्साबोक्शी रडते'. पहिल्या दोन तालमींत तिला खरंच रडू कोसळलं, सगळे गप्प झाले. त्यानंतर एकदाही नाही. तिचे स्वतःचे बाबा दीड वर्षापूर्वी गेले आहेत. दिग्दर्शक म्हणतात, त्यांना आठव. ती विचारते आहे: नट रोज कसे रडतात? मी बाबांची आठवण वापरू का? की सरळ ग्लिसरीन घालू?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. बाबांची आठवण वापरू नकोस. निदान या नाटकात तरी नको.

दीड वर्ष म्हणजे जखम ओली आहे. ती आठवण तू काढलीस आणि ती आली, तर ती तुझ्या ताब्यात राहणार नाही. स्वगताच्या चौथ्या ओळीला थांब म्हटलं तर थांबणार नाही, आणि पुढचं वाक्य समोरच्याला ऐकू जाण्याइतकं स्वच्छ बोलणं तुला जमणार नाही. आणि ती आली नाही, तर तू विंगेत उभी राहून स्वतःलाच दोष देशील, की मला माझ्या बाबांचंही रडू येत नाही. असला अपराधीपणा कुठल्याही प्रयोगासाठी पत्करायचा नसतो.

तुझे दिग्दर्शक सांगताहेत ती पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवून भूमिकेत वापरण्यावर, बरंच काम केलं. पुढे अमेरिकेत नाट्यशिक्षक ली स्ट्रासबर्गनं तीच गोष्ट सगळ्यात नेटानं शिकवली. पण स्ट्रासबर्गसुद्धा नटांना सांगायचा, की आठवण निदान सात वर्षं जुनी हवी. आणि स्तानिस्लाव्हस्की स्वतः शेवटच्या वर्षांत या वाटेवरून बराच बाजूला आला होता. भावनेच्या मागे लागू नका, त्या माणसाला त्या क्षणी काय करायचं आहे ती कृती नीट करा, भावना मागून येईल, असं तो सांगू लागला. आपल्याकडे कार्यशाळांमधून त्याचं पहिलं निम्मं पोचतं आणि दुसरं वाटेतच राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या ग्रीक रंगभूमीवर पोलुस नावाचा नट होता. इलेक्ट्राच्या हातात भावाच्या अस्थींचा कलश असतो असा प्रसंग सोफोक्लीसच्या नाटकात आहे. पोलुसचा मुलगा नुकताच गेला होता. त्यानं स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा कलश आणून रंगमंचावर हातात घेतला आणि त्याचा विलाप ऐकून लोक हेलावून गेले, असं रोमन लेखक आउलुस गेलियसनं लिहून ठेवलंय. ही गोष्ट कार्यशाळेत सांगितली की मुलांचे डोळे चमकतात. मी मात्र दर वेळी विचारते, दुसऱ्या प्रयोगाला त्यानं काय केलं असेल? आणि दहाव्या?

मी हे अनुभवानं विचारते. गेली सत्तावीस वर्षं मी बडोद्यात मराठी आणि गुजराती नाटकांतून काम करते आहे. माझे अण्णा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्याकडे एका विधवेची भूमिका आली. नवरा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामाला, तिथे अपघात होतो, आणि संध्याकाळी त्याचा सोबती डबा घेऊन घरी येतो. मी अण्णांची हॉस्पिटलातली शेवटची रात्र वापरली. ऑक्सिजनच्या मास्कचा तो आवाज मनात ऐकायचा, की घशाशी आलंच. सहा प्रयोग हे बिनबोभाट चाललं. सातवा प्रयोग गांधी नगरगृहात होता. मी विंगेत उभी राहून तो आवाज आठवला आणि काहीच झालं नाही. नुसता आवाज. मग मी जोर लावला, घसा आवळून रडले, आणि तिसऱ्या अंकात माझा आवाज फाटला.

पण खरं नुकसान वेगळंच होतं, ते नंतर कळलं. नाटक संपलं, वर्ष उलटलं, आणि अण्णांच्या श्राद्धाला मी घरात बसून त्यांना आठवायला गेले. ती रात्र आठवली आणि पाठोपाठ दुसऱ्या अंकाचा पिवळा प्रकाश आठवला. आजही त्या रात्रीबरोबर तो प्रकाश येतोच. माझी ती आठवण आता निर्मळ राहिलेली नाही. म्हणून तुला इतकं निक्षून सांगते आहे.

आता तुझा पहिला प्रश्न, नट रोज कसे रडतात.

आठव्या प्रयोगाआधी आमच्या दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. ते चिडले नव्हते. म्हणाले, "तू रडतेस ते ठीक आहे. पण तिला रडायला वेळ आहे का? डबा तसाच पडलाय. तो घासायचाय." आणि त्यांनी तो प्रसंग पुन्हा बसवला. तो तुला जवळून सांगते, कारण मी जे काही शिकले ते त्या डब्यात आहे.

चार खणांचा स्टीलचा डबा. सोबती तो ओट्यावर ठेवतो आणि जातो. बाई डबा उघडते. वरच्या खणात चार पोळ्या, चारही तशाच. दुसऱ्यात भाजी, उन्हाळ्याचे दिवस म्हणून वास यायला लागलेली. ती नाक जरा बाजूला करते आणि भाजी एका ताटलीत काढते. तिसऱ्या खणात आमटी. गरम आमटी भरून झाकण लावलं की वाफ निवताना ते बसतं, तुझ्या घरीही बसत असेल. ते निघत नाही. ती ओट्याच्या कडेवर ठोकते. पुन्हा ठोकते. पदर झाकणावर धरून पिळते, हात सटकतो. रोज हे झाकण कारखान्यात कोण उघडत होतं, हे तिला त्या क्षणी कळतं, पण तसं ती बोलत नाही. ती फक्त पुन्हा पिळते. ते निघतं. ती बोट बुडवून आमटी चाखते आणि म्हणते, "मीठ कमी पडलं होतं." मग नळाखाली डबा घासायला लागते.

सूचना एकच होती: रडायचं नाही, डबा स्वच्छ करायचा. माझं सगळं लक्ष त्या झाकणावर असायचं, कारण ते खरोखरच घट्ट बसवलेलं असायचं. आमचा रंगमंच व्यवस्थेचा मुलगा रोज प्रयोगाआधी त्यात गरम पाणी भरून झाकण दाबून ठेवायचा. आणि झाकण निघालं की पोटातून काहीतरी वर यायचं. ते मी दाबायची, कारण आमटी चाखायची होती. दाबलं की डोळे भरायचे. पुढे त्या नाटकाचे वीसेक प्रयोग झाले. त्यांतल्या निम्म्यांत माझ्या गालावरून पाणी ओघळलं असेल, निम्म्यांत डोळे नुसते जडावले. मी नंतर मुद्दाम ओळखीच्या लोकांना विचारायची. कोरड्या प्रयोगांनाही लोक सांगायचे, "काय रडलात हो तुम्ही."

खऱ्या आयुष्यात रडायचा प्रयत्न कुणी करत नाही. माणूस रडू आवरायचा प्रयत्न करतो आणि त्यात हरतो. तू गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला गेली असशील. तिथे सगळ्यांत जास्त कुणाकडे बघवत नाही? आलेल्या लोकांना "चहा घेणार ना?" विचारणाऱ्या बाईकडे. तिचा आवंढा, दाबलेला ओठ, वर छताकडे नेलेली नजर, मधेच "काही नाही" म्हणून नाक ओढणं, हे सगळं आवरण्याच्या खुणा आहेत. प्रेक्षक त्याच वाचतो. नट रडू आणायला निघाला की या खुणा नाहीशा होतात, कारण त्याला तर पाणी बाहेर यायला हवं असतं. मग तो भुवया आखडतो, चेहरा पिळतो, हातांनी तोंड झाकतो. आणि प्रेक्षक लांब होतो.

तुझ्या पहिल्या दोन तालमींत रडू का आलं आणि नंतर का नाही, तेही यातच आहे. त्या दोन दिवशी संवाद तुझ्यासाठी नवे होते, ते तुझ्यावर येऊन आदळले आणि तू सावरायला गेलीस. तिसऱ्या दिवसापासून तू त्या रडण्याची वाट बघायला लागलीस. वाट बघत बसलं की ते येत नाही.

आता शरीराकडे येते, कारण नुसतं 'आवर' म्हणून भागत नाही. आवरायला आधी काहीतरी उसळावं लागतं, आणि ते उसळवायची मूठ श्वासात आहे.

रडताना शरीरात काय होतं ते बघ. डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. तिला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंवर आपला सरळ ताबा चालत नाही. हात वर कर म्हटलं की होतो, तसं पाणी आण म्हटलं की येत नाही. म्हणून डोळ्यांवर मेहनत करणं फुकट आहे. घशात गोळा येतो तो असा, की उमाळ्याच्या वेळी शरीराला जास्त हवा हवी असते म्हणून कंठ उघडा राहायला बघतो, आणि आपण गिळायला गेलो की तो मिटावा लागतो. ही दोन विरुद्ध ओढींची झटापट म्हणजे तो गोळा. नाक वाहतं, कारण अश्रू नाकात उतरायला नळीच आहे. आणि श्वास तुटतो. या सगळ्यात आपल्या हातात सरळ येणारी गोष्ट एकच, श्वास.

चिलीमधल्या सुझाना ब्लॉख या शास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकापासून हेच अभ्यासलं. मूळ भावनांना प्रत्येकी श्वासाची, शरीराच्या ताणाची आणि चेहऱ्याची आपापली ठेवण असते, आणि ती ठेवण बाहेरून नेमकी धरली की आतली भावना जागी होते, हे त्यांनी नटांबरोबर काम करून मांडलं. दुःखाची ठेवण अशी: श्वास नाकानं आत, पण एका दमात नाही, तीन-चार छोट्या तुटक घोटांत, आणि मग तोंडानं सैल सोडलेला लांब उसासा. अंग ताठ नाही, सैल. खांदे पडलेले, नजर खाली.

हे घरी करून बघ, पण उभं राहून नको. खुर्चीत बस, दहा-बारा वेळा कर, जबडा ढिला ठेव. बहुतेकांना छातीत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, काहींचे डोळे लगेच ओले होतात. चक्कर वाटली तर थांब. आणि झाल्यावर न चुकता बाहेर ये: उभी राहा, नाकानं सरळ लांब श्वास आत, तोंडानं सरळ बाहेर, तीनदा, हात चेहऱ्यावरून फिरव. ब्लॉखबाईंच्या पद्धतीतही शेवटी असं बाहेर येणं बसवलेलं आहे. मी वर्गात पाहते, मुलं आत जायला उत्सुक असतात आणि बाहेर यायचं विसरतात, आणि मग रात्री घरी विनाकारण उदास बसतात.

भुवयांबद्दल एक सांगते. दुःखात भुवयांची आतली टोकं वर उचलली जातात आणि कपाळाच्या मध्यावर आठ्या पडतात. डार्विननं १८७२च्या आपल्या पुस्तकात यावर पानंच्या पानं लिहिलीत. त्याच्याही लक्षात आलं होतं, की हे स्नायू मनात आणून हलवणं फार थोड्या लोकांना जमतं. म्हणून आरशासमोर 'दुःखी चेहरा' करायचा सराव मी मुलांकडून करून घेत नाही. श्वास आणि विचार खरे असले की त्या भुवया आपोआप उचलल्या जातात.

आवाजाचं मात्र फार सांभाळ. तुझ्यासारख्या तरुण मुली हुंदका देताना घसा आवळतात. चार प्रयोग निभतात, मग आवाज बसतो. त्यासाठी एक साधा सराव आहे. तोंड मिटून कुत्र्याच्या पिल्लासारखं अगदी हळू कुंई कुंई कर. गळ्यात आत जागा झाल्यासारखी वाटेल. ती जागा ठेवून स्वगताची पहिली ओळ म्हण. आवाज ओला येईल, पण फाटणार नाही. हुंदका पोटातून येऊ दे, गळ्यातून नाही. आणि संवादाच्या मधे हुंदका घेऊ नकोस. वाक्य पूर्ण कर, मग श्वास तुटू दे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुझा अश्रू दिसत नाही. त्याला तुटलेला श्वास ऐकू येतो, आणि पाठ दिसते.

यावर आपल्या गावाचाच दाखला आहे. गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यात केला, २० फेब्रुवारी १९१९ला. नाटककार गडकरी महिनाभर आधीच, २३ जानेवारीला गेले होते. बालगंधर्व नायिका सिंधू झाले होते. संगीत नाटकातल्या या भूमिकेचा विचार कर. नवरा दारूपायी घर बुडवतोय, बाई दळण दळतेय, आणि नटाला तो शोक गाऊन दाखवायचाय. खरं रडू आलेला गळा सुरात लागत नाही. म्हणजे शोक दाखवायचा आणि कंठ मोकळाही ठेवायचा, ही दुहेरी कसरत आपल्या नटांनी शंभर वर्षांपूर्वी पूर्ण अंगात मुरवली होती. अश्रूंचं काम सूर करत होता आणि रडत होते ते प्रेक्षक. गद्य नाटकात आपल्याकडे सूर नाही, पण वाक्याची लय आणि श्वास आहे. ते वापर.

त्याच बालगंधर्वांची दुसरी गोष्ट तुला माहीत असेल. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी त्यांनी प्रयोग केला. ही गोष्ट नेहमी निष्ठेची म्हणून सांगतात. मला त्यात कसबही दिसतं. त्या रात्री त्यांना नायिका भामिनी करायची होती, ठसकेबाज, हसरी. घरचं खरं दुःख त्यांना रंगमंचावर उपयोगी नव्हतं, ते तिथून दूर ठेवायचं होतं. नटाला रडता येण्यापेक्षा हे जास्त यावं लागतं.

आपल्या परंपरेनं या प्रश्नाकडे किती स्वच्छ नजरेनं पाहिलंय ते वाचून मला दर वेळी भरून येतं. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणा, सांगितलेत. स्तंभ (जागीच गोठणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथु (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). भरतमुनी तिथे सरळ विचारतात, की दुःख हे रडण्याच्या रूपाचं, मग जो दुःखी नाही त्यानं ते कसं दाखवावं? आणि उत्तर देतात, की त्यासाठी सत्त्व लागतं, आणि सत्त्व येतं मन एकाग्र झाल्यावर. भरतांनी 'दुःखी हो' म्हटलेलं नाही, 'एकाग्र हो' म्हटलंय. माझं झाकणावरचं लक्ष म्हणजे तेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्याच अध्यायात अश्रू कशाकशानं येतात याची यादी आहे. शोक, भय, आनंद आणि संताप आहेतच, पण त्यांच्या शेजारी धूर, अंजन, जांभई, थंडी आणि पापणी न लवता एकटक बघणं हेही आहे. म्हणजे डोळ्यांत पाणी आणायच्या बाहेरच्या उपायांना तिथे कमी लेखलेलं नाही.

म्हणून ग्लिसरीनबद्दल मीही नाक मुरडणार नाही. पण ते काय करतं ते समजून घे. ग्लिसरीन, मेन्थॉलची कांडी, कांदा, हे सगळे डोळ्याला चुरचुर लावतात आणि डोळा स्वतःला धुवायला पाणी सोडतो. ते पाणी खरंच असतं, पण त्यामागे श्वास नसतो, चेहरा नसतो, आवाज नसतो. कोरड्या रडण्यावर ते ओतलं तर कोरडेपणा उलट जास्त दिसतो. कॅमेऱ्यासमोर त्याचा उपयोग आहे. तिथे चेहरा जवळून दिसतो, एकच क्षण आठ वेळा द्यावा लागतो, आणि आधीच्या शॉटमध्ये डाव्या गालावर ओघळ असेल तर पुढच्यातही तो तिथेच हवा. मेकअपवाले मेन्थॉल डोळ्यात घालत नाहीत, खालच्या पापणीच्या बरंच खाली, गालाच्या हाडावर हलकं लावतात, त्याच्या वाफेनंच काम होतं. ग्लिसरीनचा थेंबही बरेचदा गालावरच ठेवतात, दाट असतो म्हणून दिव्याखाली टिकतो. कॅमेऱ्याचं काम मिळालं तर दिग्दर्शकाला विनंती कर, की जवळचा शॉट आधी घ्या. लांबच्या शॉटमध्ये सगळं देऊन बसलेले आणि क्लोजअपला रिकामे झालेले नट मी पाहिलेत.

रंगमंचावर हे करू नकोस. एका दौऱ्यावर मी रुमालाला पेनबाम लावून ठेवला होता. प्रसंगात रुमाल डोळ्यांना लावला आणि बाम थेट डोळ्यात गेला. तीन-चार मिनिटं मला समोरचं काही दिसेना. लेव्हलची, म्हणजे रंगमंचावरच्या उंचवट्याची, पायरी चुकले, सहकलाकारानं हात धरून मला खुर्चीपर्यंत नेलं आणि आपल्या मनानं दोन वाक्यं घालून प्रसंग सावरला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर या वाटेला जाऊच नकोस. एकटक बघण्याचा उपाय मात्र निरुपद्रवी आहे. एंट्रीआधी विंगेत पापणी न लववता अर्धा मिनिट बघ, मग मिटून उघड. डोळे ओलसर होतात आणि प्रकाशात चमकतात. तेवढं पुष्कळ आहे.

आता संहितेतला तो कंस. 'ओक्साबोक्शी रडते' हे लेखकानं टेबलावर बसून लिहिलेलं आहे. दिग्दर्शकांशी बोल. भांडू नकोस, म्हण की मी एकदा करून दाखवते, मग ठरवा. दीड पानाच्या स्वगतात पहिल्या ओळीला रडलीस तर उरलेल्या पानात जायला जागाच उरत नाही. माझ्या अंदाजानं तुझ्या प्रसंगाचा जीव त्या चष्म्यात आहे.

एक जुना चष्मा आण. स्वच्छ नको. भिंगांवर बोटांचे ठसे आणि तेलाचा डाग खरोखर असू देत, आणि डाव्या दांडीचा स्क्रू ढिला कर, म्हणजे ती लुळी पडेल. खोलीत तू रडायला आलेली नाहीस. चष्मा त्याच्या घरात घालून कपाटात ठेवायला आली आहेस, कारण आई बाहेरून सारखी विचारते आहे की आवरलं का. चष्मा उचल. भिंगं ओढणीनं पूस. डाग निघत नाही, त्यावर तोंडाची वाफ सोड, पुन्हा पूस. इथे तुझी पहिली चार वाक्यं बसतील. मग एकदा डोळ्यांना लाव, त्यांचा नंबर तुझ्या डोळ्यांना झेपणार नाही, सगळं पुसट दिसेल. त्यांना जग कुठल्या काचेतून दिसत होतं ते बघ आणि काढ. मग दांडी मिटायला जा. लुळी दांडी मिटत नाही, चष्मा घरात बसत नाही. इथे बाबांचं एखादं वाक्य असेल तर ते घे. स्क्रू नखानं घट्ट करायचा प्रयत्न कर, खरोखर कर. ज्या क्षणी तुला रडू येईल असं वाटेल, त्या क्षणी आईला हाक मारून सांग, "आवरतेय गं." ते वाक्य संहितेत नसेल तर लेखकाची परवानगी मागून घाल. त्या एका वाक्याचा आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न कर.

पुढचा आठवडाभर तालमीत डोळ्यांचा विचारच करू नकोस, फक्त ही कामं बसव. त्या दिवसांत कुणी "आज रडली नाहीस" म्हटलं तर ऐकून सोडून दे. दुसऱ्या आठवड्यात श्वास आण, एंट्रीआधी विंगेत चार-पाच आवर्तनं, जास्त नको. रंगीत तालमीत आवाज तपास, कुणालातरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसव आणि प्रत्येक शब्द पोचला का एवढंच विचार.

प्रयोग संपल्यावर थेट घरी जाऊ नकोस. तोंड थंड पाण्यानं धू, तीन सरळ श्वास घे, चष्मा स्वतःच्या हातानं प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकातल्या सामानाच्या, पेटीत ठेव आणि पेटी बंद कर. मग सगळ्यांबरोबर काहीतरी खा. आम्ही दांडिया बाजारात शेव उसळ खायला जायचो, आणि तिथे नाटकाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता.

आणि बाबांची खरी आठवण कधी प्रयोगाच्या मधेच आपणहून आली, तर घाबरू नकोस. तिला हाकलू नकोस, धरूनही ठेवू नकोस. नजर चष्म्याच्या स्क्रूवर आण आणि तो फिरवत राहा.